बल्बाले पासवर्ड कायले पायजे

बाबा रात्री अडीच वाजता उठले, अंधारात बटनाकडं जाता जाता त्यांचा पाय कांद्याच्या टोपल्यात गेला आन् तिथून ही सगळी भानगड सुरू झाली. तसं लागलं काही नाही, अंगठ्याचं नख तेवढं गेलं, पण आईनं ते नख दिवस मावळायच्या आत अख्ख्या गल्लीत पोहोचवलं. आमचं घर दिग्रसपासून थोडं आत, आजोबांनी बांधलेलं, मातीच्या दोन-दोन फूट भिंती. लाइट नंतर आली. ज्यानं फिटिंग केली त्या वायरमनची अशी समजूत असावी का माणूस घरात फक्त दारातून येतो, खाटेवरून कधी उठतच नाही, कारण सगळी बटनं दाराजवळ आन् खाट पार दुसऱ्या टोकाला. खाट इकडं आणू म्हटलं तर बाबा म्हणे कुलरची हवा तिथंच येते.

मी तालुक्याच्या कॉलेजात फिजिक्स शिकवतो, त्यामुळं बल्ब हा आपल्या सिलॅबसमधला विषय आहे असा माझा गैरसमज होता. मी जाहीर करून टाकलं, स्मार्ट बल्ब लावू, पडल्या पडल्या मोबाइलवर बोट ठेवलं का उजेड.

पहिला बल्ब आला तो आट्याचा. आपल्याकडं घरोघरी पिनचं होल्डर असते, बल्ब दाबायचा, थोडा फिरवायचा, झालं. त्याला म्हणतात बी२२. आट्याचा तो ई२७. हे आकडे म्हणजे टोपीची मिलिमीटरमधली जाडी हे मला तेव्हा समजलं जेव्हा मी स्टुलावर चढून पाच मिनिटं बल्ब नुसताच होल्डरवर गोल गोल फिरवत होतो आन् खालून बाबा विचारत होते, "लागला काय?" दुकानदाराकडं गेलो तर तो म्हणे सर, हा तं झुंबरात लागते. त्याच्याकडं जोडाचं होल्डर होतं, ते लावलं तर बल्ब असा खाली लोंबायला लागला जसा दुधी भोपळा. परत केला.

दुसऱ्यांदा पिन पाहून घेतली. ती जमली, पण खोक्यावर बारीक अक्षरात लिहिलं होतं झिगबी, म्हणजे ह्याला एक हब नावाचा डबा वेगळा घ्या, तो राउटरला जोडा, मग बल्ब त्या डब्याशी बोलणार. मी रात्री जेवता जेवता मोठ्यानं वाचत होतो, झिगबी, थ्रेड, मॅटर, तर आई म्हणाली, "कपाशीवरचं औषध आनलं काय?" बाबांनी फक्त शेवटचा शब्द ऐकला आन् विचारलं कोनाचं मॅटर झालं. आमच्याकडं मॅटर होते म्हणजे चौकात दोन पोट्टे एकमेकांची कॉलर धरतात. आता खरं तर हे मॅटर २०२२ मध्ये भांडण मिटवायलाच काढलं, म्हणजे ह्या कंपनीचा बल्ब त्या कंपनीच्या अॅपशी बोलावा म्हणून, पण त्यातही बल्ब वायफायवाला का थ्रेडवाला (थ्रेड म्हणजे झिगबीसारखीच बिनतारी जोडणी) हे पाहाच लागते, थ्रेडवाला असला का त्यालाही डबा आलाच. हेही परत. कुरियरवाला पोरगा आता आम्हाला फोन न करताच यायला लागला होता.

तिसरा बल्ब पिनचा, वायफायचा, नऊ वॅटचा. खोक्यावर दीड कोटीच्या वर रंग. मी हिशोब करून पाहिला, लाल हिरवा निळा तिघांच्या २५६-२५६ पायऱ्या, गुणाकार केला का १ कोटी ६७ लाख ७७ हजार २१६. आईला सांगितलं. ती म्हणाली, "पिवळा हाय ना त्याच्यात?" आहे म्हटलं, २७०० केल्विनला पिवळा, ६५०० ला पांढराफटक, आन् गंमत अशी का केल्विन जितके जास्त तितका उजेड 'कूल' म्हणतात. हे तिला सांगून उपयोग नव्हता. आमच्याकडं मे महिन्यात ४५ डिग्रीला कोणी कूल म्हटलं तर मार खाईल.

मग जोडणी. अॅपनं पहिले मोबाइल नंबर मागितला, मग ओटीपी, मग लोकेशन. मग विचारलं बल्ब कोणत्या खोलीत, आन् यादी दिली लिव्हिंग रूम, डायनिंग, स्टडी, बाल्कनी. ओसरी नाही, माजघर नाही, गोठा तर नाहीच. शेवटी बाबांच्या खाटेला मी लिव्हिंग रूम केलं. इतकं होऊनही तो बल्ब लुकलुक करे आन् जोडल्या काही जात नसे. नेटवाल्या पोट्ट्याला फोन लावला तर तो म्हणे, "सर, तुमच्या राउटरमंदी दोन बँड हायेत, २.४ आन् ५ गिगाहर्ट्झ, नाव दोघायचं एकच ठेवलं. तुमचा मोबाइल ५ वर हाय, बल्बाले फक्त २.४ समजते. तो भेटन कसा?" कमी फ्रिक्वेन्सीची लहर भिंतीतून जास्त पार जाते हे मी दरवर्षी बारावीला फळ्यावर लिहून देतो, आन् बल्ब त्याच कमीवाल्या लहरीवर चालते हे मला सांगायला दहावी नापास पोट्टा लागला. दोन्ही बँडची नावं वेगळी केली, पासवर्ड टाकला, बल्ब एकदाचा जोडल्या गेला. स्टुलावरून उतरलो तेव्हा पोटरीत गोळा आला होता.

बाबा इतका वेळ शांत बसून पाहत होते. त्यांनी फक्त एवढं विचारलं, "बल्बाले पासवर्ड कायले पायजे?"

आता ह्याच्यावर काय बोलावं. त्यांच्या विहिरीवर मोबाइल स्टार्टर आहे, त्यात एक सिम टाकलेलं, बाबा घरून त्याला फोन लावतात, तिकडं मोटार सुरू होते. साधा बटनाचा फोन. ना अॅप, ना लोकेशन. "माह्या मोटारीले फोन लावला का पानी फेकते," ते म्हणाले, "दोन किलोमीटरवरून. तुया बल्ब डोक्यावर हाय तं त्याले वायफाय लागते."

मी म्हटलं बाबा, रात्री समजेल.

रात्री समजलं. बाबा उठले, आधी चष्मा चाचपला. मग मोबाइल (मी त्यांना खास ह्याच्यासाठी टचचा घेऊन दिला होता), तो उशीखाली सापडला. मग अॅप दिसेना म्हणून त्यांनी काय केलं, तर मोबाइलची टॉर्च लावली आन् त्या उजेडात, चष्मा घालून, मोबाइलमध्ये लाइट लावायचं अॅप शोधायला लागले. मी पलीकडून पाहत होतो. एका क्षणी त्यांच्याही लक्षात आलं, त्यांनी टॉर्चकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं, आन् काही न बोलता टॉर्च घेऊन न्हाणीकडं निघून गेले.

तरी हे परवडलं. खरी लढाई बटनाची होती. स्मार्ट बल्ब मोबाइलवर चालवायचा तर भिंतीवरचं बटन कायम चालूच ठेवावं लागते, बंद केलं का बल्ब मेला, मग अॅपवर कितीही बोट आपटा. आन् आमच्या आईचं सारं आयुष्य बटनं बंद करण्यात गेलं. २०१५ मध्ये उजाला योजना निघाली तेव्हा घेतलेला एक एलईडी माजघरात अजून चालू आहे, तो चालू आहे कारण तिनं त्याला कधी दहा मिनिटांच्या वर जळू दिलाच नाही. मी तिला समजावून सांगितलं, आई हा बंद असला तरी आतून जागा असते, त्याला लागते अर्धा वॉट, म्हणजे महिन्याचं झालं ०.३६ युनिट.

"मंग बंद असून खाते?"

हो म्हटलं, थोडंसं.

"तुया मामासारखा," बाबा खाटेवरून बोलले. त्या दिवशी जेवायला उशीर झाला.

मी बटनावर डॉक्टरची चिकटपट्टी लावली. संध्याकाळी पाहतो तर पट्टी आईच्या बोटाला, विळ्यानं कापलं होतं म्हणे, आन् बटन बंद. मग मी पेननं लिहिलं, बंद करू नये. त्यावर तिनं हळदीकुंकू लावलं नाही एवढंच, बाकी बटन ती बंद करायचीच, हात आपोआप जायचा. अॅप उघडलं का एकच शब्द, ऑफलाइन.

आन् लाइनचं तर विचारूच नका. आमच्याकडं लाइन सरळ जात नाही, ती चार-पाच झटके देऊन जाते, येते, जाते, येते, जसा पाहुणा निघतो निघतो म्हणते आन् परत उंबऱ्यावर बसते. आता ह्या बल्बाला नव्यानं जोडायची पद्धत काय, तर बटन पटापट पाच वेळा चालू-बंद करा. म्हणजे आमची लाइनच त्याला रिसेट करायची! एका रात्री पावसात डीपीवर काहीतरी कडाडलं, लाइन चार-पाचदा लपकली, आन् बल्ब सगळं विसरला, नाव, गाव, पासवर्ड, आन् एकटाच लुकलुकत बसला. आम्ही मागच्या खोलीत झोपलेलो, बाबाही तिथंच, ओसरीकडून गळत होतं म्हणून. समोरच्या काकूंना खिडकीतून आमच्या घरात भकभक उजेड दिसला, त्यांना वाटलं अँब्युलन्स आली, नखापासूनच त्या काळजीत होत्या. त्यांनी काकांना उठवलं, काकांनी शेजारी उठवले. मी दार उघडलं तर अंगणात छत्र्या घेऊन सात-आठ माणसं.

"कधी झालं जी?" एक जण हळूच म्हणाला.

बाबा माझ्या मागून डोकावले तेव्हा त्या माणसाच्या तोंडावर जे आलं त्याला मी अजून शब्द शोधतो आहे. सगळ्यांना चहा करावा लागला. चहा पिता पिता दोघांनी बल्ब कितीला पडला विचारलं, मी अर्धीच किंमत सांगितली.

दिवाळीनंतर आई लग्नाला नागपूरला गेली, मीही सोबत. दुसऱ्या दिवशी दुपारी अकराच्या सुमारास हळदीच्या गडबडीत तिनं मला कोपऱ्यात ओढलं.

"त्या मोबाइलात घरचा लाइट दिसते म्हनत होता ना? पाय बरं."

अॅप उघडलं. लिव्हिंग रूम, चालू, उजेड शंभर टक्के. तिनं स्क्रीनकडं असं पाहिलं जसं दहा वर्षं शोधत असलेला चोर सापडला. मी म्हटलं थांब, इथूनच बंद करतो, हेच तर त्याचं काम आहे. पण तिनं माझा हात बाजूला केला आन् स्वतःच्या मोबाइलवरून बाबांना फोन लावला.

"अवो, भर दुपारी लाइट काहून लावला?"

तिकडून बराच वेळ काही आवाज नाही. मग बाबा म्हणाले, "तुले कोनं सांगतलं?"

"उठा, बटन बंद करा."

खाट करकरली, पावलांचा आवाज आला, एक कट्ट. माझ्या स्क्रीनवर अक्षरं बदलली.

"काय म्हनते आता?" आईनं विचारलं.

"ऑफलाइन म्हणते."

"मंग बरं," ती म्हणाली आन् हळद लावायला गेली.