पॅकार्डला स्वस्त गाडीने बुडवलं? एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार.

पॅकार्ड या अमेरिकेतल्या उंची मोटार कंपनीवरच्या माझ्या लेखाखाली तुम्ही इतकं सविस्तर लिहिलंत की नुसते आभार मानून मोकळं होणं बरं दिसणार नाही. मूळ प्रतिक्रिया सगळ्यांनी वाचली नसेल, म्हणून आधी तुमचं म्हणणं थोडक्यात मांडतो. मी पॅकार्डच्या शेवटाचं खापर तिने १९५४ला विकत घेतलेल्या स्टुडबेकर या मोटार कंपनीवर फोडलं, पण पॅकार्डने १९३५ सालीच स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेतला होता. श्रीमंतांची गाडी हजार डॉलरच्या आत विकायला काढली त्या दिवशी तिची अब्रू गेली आणि पुढची वीस वर्षं नुसती घरघर होती. जनरल मोटर्सच्या कॅडिलॅकने हा मोह टाळला, म्हणून ती आजही आहे. शिवाय मी विंटेज रॅलीतलं क्रोम पाहून भारावतो आणि मग हिशोब विसरतो, असा एक चिमटाही तुम्ही काढला आहे. क्रोमचा आरोप मान्य. हिशोबाचं मात्र बोलायला हवं.

तुमचा युक्तिवाद मार्केटिंगच्या वर्गांत फार लोकप्रिय आहे. तो सुटसुटीत आहे, दोन मिनिटांत सांगून होतो. फक्त तो १९३५ला सुरू होतो. त्याआधीची पाच वर्षं त्यात नाहीतच, आणि सगळी मेख तिथेच आहे.

पॅकार्डची अब्रू म्हणजे नेमकं काय, ते आधी पाहू. ओहायोतल्या वॉरन गावात विजेच्या दिव्यांचा धंदा करणाऱ्या जेम्स वॉर्ड पॅकार्डने १८९८मध्ये विंटन कंपनीची गाडी घेतली. ती सारखी बिघडायची. तक्रार घेऊन तो विंटनकडे गेला आणि बोलाचालीनंतर स्वतःच गाडी करायला बसला. १८९९च्या नोव्हेंबरात त्याची पहिली गाडी रस्त्यावर आली. पुढे डेट्रॉइटच्या हेन्री जॉय आणि मंडळींनी पैसा घातला, कंपनी तिकडे गेली आणि आल्बर्ट कान या वास्तुरचनाकाराने ईस्ट ग्रँड बुलेव्हार्डवर तिचा कारखाना बांधला. कंपनीच्या जाहिरातीत एकच वाक्य असायचं: ज्याच्याकडे आहे त्याला विचारा. १९१५मध्ये जेसी व्हिन्सेंटचं बारा सिलिंडरचं ट्विन सिक्स आलं. १९२१ साली वॉरन हार्डिंग अध्यक्षपदाच्या शपथविधीला मोटारीतून गेले, तोवर अध्यक्ष घोडागाडीतून जात. ती मोटार ट्विन सिक्स पॅकार्ड होती. १९२८मध्ये कंपनीने पन्नास हजारांच्या आसपास गाड्या केल्या. त्या काळात उंची गाड्यांमध्ये कॅडिलॅक पॅकार्डच्या मागे होती. आपल्याकडच्या संस्थानिकांच्या गाडीखान्यांतही पॅकार्ड पोचल्या त्या याच दबदब्यामुळे.

मग १९२९चा ऑक्टोबर आला, शेअर बाजार कोसळला आणि महामंदी सुरू झाली. १९३४पर्यंत पॅकार्डचं वर्षाचं उत्पादन दहा हजारांच्याही खाली गेलं होतं. अवाढव्य कारखाना, हजारो कामगार, आणि गिऱ्हाईक नाही. ज्यांच्याकडे अजून पैसा होता त्यांनाही रांगेत उभ्या असलेल्या बेकारांसमोरून बारा सिलिंडरची गाडी मिरवायला नको वाटायचं.

आता तेव्हाच्या दुसऱ्या काही उंची गाड्यांकडे बघा. एकेकाळी अमेरिकेत तीन 'पी'ची नावं एका दमात घेत: पॅकार्ड, पिअरलेस, पिअर्स-ॲरो. पिअरलेसने १९३१मध्ये गाड्या करणं थांबवलं आणि तिच्या क्लीव्हलंडच्या कारखान्यात पुढे बिअर तयार होऊ लागली. पिअर्स-ॲरोने शेवटपर्यंत हजार डॉलरची गाडी काढली नाही. अब्रू शाबूत ठेवून ती १९३८मध्ये दिवाळखोरीत गेली. मार्मन १९३३ला संपली, फ्रँकलिन १९३४ला, ड्युसेनबर्ग १९३७ला. सगळी सोंगं आणता येतात, पैशाचं आणता येत नाही. यांच्यात पॅकार्डच तेवढी तगली, आणि ती वन-ट्वेंटीवर तगली.

वन-ट्वेंटी हीच ती तुमची 'अब्रू घालवणारी' गाडी. किंमत ९८० डॉलरपासून पुढे. तिच्यासाठी कंपनीने जनरल मोटर्समधून जॉर्ज ख्रिस्टोफरसारखी उत्पादनातली पक्की माणसं आणली आणि कारखान्याचा एक भाग मोठ्या संख्येच्या उत्पादनासाठी नव्याने मांडला. गाडी कशी होती? पुढच्या चाकांना स्वतंत्र सस्पेन्शन, चारही चाकांना हायड्रॉलिक ब्रेक. या दोन्ही गोष्टी पॅकार्डच्या महागड्या गाड्यांना मिळाल्या १९३७मध्ये, म्हणजे दोन वर्षांनी! धाकटी थोरलीच्या पुढे होती. जुन्या गाडीवर चकचकीत बिल्ला लावून गिऱ्हाईक गंडवल्याचा हा प्रकार नव्हता.

आणि अब्रूच गेली असती तर सगळ्यात आधी वरच्या गाड्यांचा खप आटायला हवा होता. १९३७मध्ये पॅकार्डने आणखी स्वस्त, सहा सिलिंडरची गाडी काढली आणि एकूण आकडा लाखाच्या पुढे गेला. त्याच वर्षी पॅकार्ड ट्वेल्व्ह ही सगळ्यात महागडी गाडी १,३०० विकली गेली. ट्वेल्व्हचं ते सर्वांत चांगलं वर्ष. सहा सिलिंडरच्या गाडीने बारा सिलिंडरच्या गाडीला विटाळ केला, असं तिच्या गिऱ्हाइकांना तरी वाटलेलं दिसत नाही.

कॅडिलॅकने मोह टाळला, हे तर मला अजिबात पटत नाही. १९२७मध्येच जनरल मोटर्सने कॅडिलॅकच्या पायरीखाली लसाल काढली. १९३६मध्ये कॅडिलॅकच्याच नावाने स्वस्त सिरीज ६० आली. १९४०नंतर लसाल बंद झाली आणि ती जागा स्वस्त कॅडिलॅकनेच भरून काढली. सांगाडे जनरल मोटर्सच्याच फिशर बॉडी विभागाचे, ते ब्यूइक आणि ओल्ड्समोबीललाही वापरलेले असायचे. लिंकननेही १९३६मध्ये झेफर काढून तेच केलं. फरक इतकाच की मंदीत कॅडिलॅकच्या पाठीशी शेव्हरोलेचा नफा होता आणि लिंकनच्या पाठीशी फोर्डचा. पॅकार्डच्या पाठीशी पॅकार्डच. श्रीमंत घरातल्या मुलाने उधळपट्टी टाळली म्हणून त्याला संयमाचं प्रशस्तिपत्रक देण्यात अर्थ नाही.

एका बाबतीत तुमचं बरोबर आहे, आणि तो मुद्दा तुम्ही जाता जाता लिहिला आहे. धाकट्या आणि थोरल्या गाडीचा चेहरा एकच होता. १९०४पासून चालत आलेली ती रेडिएटरची रेषा, बैलाच्या जुवासारखी खांद्यांपाशी वळलेली, मधमाश्यांच्या पोळ्यासारखी जाळी नव्हे तर तिची चौकट हीच पॅकार्डची ओळख. ती ९८० डॉलरच्या गाडीवरही होती आणि चार हजारांच्या गाडीवरही. लसालला वेगळं नाव आणि वेगळं नाक होतं. पण त्याच चेहऱ्यामुळे तर वन-ट्वेंटी खपली. ज्या डॉक्टरांनी आणि दुकानदारांनी लहानपणापासून शेजारच्या हवेलीसमोर तो रेडिएटर पाहिला होता, त्यांना तोच हवा होता. १९३५मध्ये दुसरं नाव लावून ती गाडी काढली असती तर पॅकार्डचीही पिअर्स-ॲरो झाली असती, इतकंच.

माझ्या मते खरा घोळ युद्धानंतरचा आहे. युद्धात पॅकार्डने रोल्स-रॉइसचं मर्लिन इंजिन परवान्यावर तयार केलं. हेन्री फोर्डने ते काम नाकारलं होतं. ब्रिटिश आराखडे अमेरिकी पद्धतीने पुन्हा काढण्यापासून सुरुवात करावी लागली, तरी पंचावन्न हजारांहून जास्त इंजिनं कारखान्यातून बाहेर पडली. मस्टँग विमानांना तीच लागली. टॉर्पेडो बोटींची इंजिनंही पॅकार्डचीच. १९४५ला कंपनीकडे रोख पैसा होता, इंजिनिअर होते आणि नाव तर असं होतं की विचारू नका. गिऱ्हाईक मिळेल ती गाडी मिळेल त्या किमतीला घ्यायला तयार होतं, टंचाई होती ती पोलादाची. वर जाण्याची अशी वेळ पुन्हा येणार नव्हती. गाडीमागे पोलाद जवळपास तेवढंच लागतं, तर महागडी गाडी का करू नये?

पण अध्यक्षपदी होते तेच ख्रिस्टोफर. संख्येचा माणूस, वर्षाला दोन लाख गाड्यांचं लक्ष्य ठेवणारा. १९३५ला कंपनीला जो माणूस हवा होता तोच १९४६ला नको होता. पोलाद स्वस्त गाड्यांत गेलं, टॅक्सीसाठीची आवृत्तीही निघाली. १९४१च्या देखण्या क्लिपरवर आणखी पत्रा चढवून १९४८ची गाडी केली, तिला लोकांनी 'गाभण हत्तीण' म्हटलं. (मला ती तितकी वाईट वाटत नाही, पण मी अल्पमतात आहे.) कॅडिलॅकने १९४८ला शेपटीचे पंख दिले आणि १९४९ला नवं ओव्हरहेड व्हॉल्व्ह व्ही-८ (व्ही आकारात मांडलेल्या आठ सिलिंडरचं) इंजिन. पॅकार्डने त्याच वर्षी स्वतःच्या बळावर अल्ट्रामॅटिक हा स्वयंचलित गिअरबॉक्स तयार केला, छोट्या कंपनीच्या मानाने ही फार मोठी गोष्ट होती. पण तो जोडला जुन्याच एका रांगेतल्या आठ सिलिंडरला. व्ही-८ यायला १९५५ उजाडलं. १९४९ला टंचाई संपत आली तरी पॅकार्डचा आकडा लाखावर होता. १९५०ला तो निम्म्याहून खाली आला, आणि त्याच वर्षी कॅडिलॅकने लाखाचा टप्पा ओलांडला. अब्रू कुठल्या साली गेली असं विचाराल तर मी या दोन वर्षांकडे बोट दाखवेन.

जेम्स नॅन्स १९५२ला अध्यक्ष म्हणून आले, घरगुती उपकरणांच्या हॉटपॉइंट कंपनीतून. त्यांचं मत अगदी तुमच्यासारखंच होतं. स्वस्त गाड्या 'क्लिपर' या वेगळ्या नावाने विका, पॅकार्ड वर ठेवा. १९५६ला त्यांनी ते करूनही दाखवलं. मग काय झालं? विक्रेत्यांनी आरडाओरडा केला, आणि वर्ष संपायच्या आत क्लिपरच्या मागच्या झाकणावर पॅकार्डचं नाव परत आलं. औषध बरोबर होतं, पण दहा वर्षं उशिरा.

त्यात पॅकार्डचे सांगाडे पुरवणारी ब्रिग्ज कंपनी क्रायस्लरने विकत घेतली. घाईघाईने कॉनर अव्हेन्यूच्या अपुऱ्या जागेत काम हलवावं लागलं आणि १९५५ची गाडी, जिच्यात पुढची-मागची चाकं लांब टॉर्शन बारने (पीळ घेणाऱ्या सळईने) जोडणारं अफलातून सस्पेन्शन होतं, ती जोडणीतल्या दोषांसाठी प्रसिद्ध झाली. सरकारी संरक्षण कंत्राटं आटली. १९५४ला स्टुडबेकर घेताना तिची वही नीट तपासली गेली नव्हती. ती कंपनी किती गाड्या विकल्यावर तोट्यातून बाहेर येते याचा अंदाज सपशेल चुकला. म्हणून स्टुडबेकरला मी अजूनही मोकळं सोडत नाही. आजारी माणूस बरा झालाच असता असं माझं म्हणणं नाही, पण त्याच्या अंगावर दुसरा आजारी माणूस टाकला गेला हे खरं आहे.

तुमच्या सिद्धांताला दाखलाच हवा असेल तर तो कॅडिलॅकच्याच घरात आहे. १९८२ची सिमरॉन. शेव्हरोले कॅव्हलियरचाच सांगाडा, चार सिलिंडर, आत थोडं चामडं आणि बाहेर कॅडिलॅकचा बिल्ला. १९८८पर्यंत ती विकली आणि तरुण गिऱ्हाईक जर्मन गाड्यांकडे गेलं ते गेलंच. वन-ट्वेंटी आणि सिमरॉन शेजारी ठेवा. दोन्ही स्वस्त, पण एकीत कंपनीने आपलं नवं ते घातलं, दुसरीत दुसऱ्याचं आयतं. मार्केटिंगच्या वर्गात हा मुद्दा किंमतीऐवजी असा शिकवावा, एवढीच विनंती.

शेवटचा तुमचा प्रश्न: १९५७-५८च्या गाड्यांना पॅकार्ड मानायचं की नाही? डेट्रॉइटमधली शेवटची पॅकार्ड २५ जून १९५६ला बाहेर पडली. नंतरच्या गाड्या इंडियानातल्या साउथ बेंडला, स्टुडबेकरच्या सांगाड्यावर तयार झाल्या. शौकीन मंडळी त्यांना 'पॅकार्डबेकर' म्हणतात. १९५७च्या क्लिपरमधलं सुपरचार्जरवालं व्ही-८ झकास होतं, त्यामुळे तिला मी स्टुडबेकर म्हणून आनंदाने जवळ करीन. १९५८च्या हॉकचं ते फायबरग्लासचं पसरट तोंड मात्र कोणत्याही नावाखाली नको. यावर तरी आपलं एकमत होईल असं वाटतं.