मामांची नस आणि २१ दिवसांची पावडर

मामांच्या मनगटातली नस (रक्तवाहिनी नव्हे, मज्जातंतू) कापली गेली होती, ती टाके घालून जोडलीय. पण त्यांनी फिजिओकडे जायचं बंद केलंय. कारण काय, तर एक व्हॉट्सअॅप मेसेज. 'कापलेली नस स्वतः काही बनवू शकत नाही, तिचं सगळं प्रोटीन मेंदूत तयार होतं. व्यायाम थांबवा, ही पावडर घ्या. प्रोटीन थेट नसेच्या टोकाला पोचून २१ दिवसांत बोटं चालू.' खाली फोन नंबर, अर्थातच.

मेंदूचं आधी उरकतो. हाताच्या नसांच्या मूळ पेशी मेंदूत नसतातच. मानेजवळ असतात, मज्जारज्जूत आणि त्याला लागून असलेल्या गाठींत. बरंचसं प्रोटीन तिथं बनतं, हे मान्य. पण नस स्वतः काहीच बनवत नाही, हे साफ खोटं. २००१ साली कॅम्पबेल आणि होल्ट यांनी 'न्यूरॉन' नियतकालिकात प्रयोग छापला. बेडकाच्या भ्रूणाच्या डोळ्यातले वाढते तंतू मूळ पेशीपासून तोडले, तरी त्यांचे शेंडे नेट्रिन या रसायनाकडे वळले. प्रोटीन बनणं औषधानं रोखलं, की वळणं बंद! म्हणजे शेंड्यातच प्रोटीन बनत होतं. मामा, तुम्ही जन्मभर जेकार्डवर चादरी विणल्या. चादरीवरचा मोर काय बाहेरून विणून येतो? येतात ती भोकं पाडलेली कार्डं, मोर मागावरच उमटतो. पेशीकडून येणारा आरएनए, म्हणजे प्रोटीन कसं बनवायचं याच्या सूचना, म्हणजे ती कार्डं.

पावडरीचं प्रोटीन पोटात पचून आधी त्याचे बारीक तुकडे होतात. ते पावडरीतून आले की शेंगाचटणीतून, नसेला पत्ताही नसतो.

आता ते २१ दिवस. जोडलेली नस दिवसाला साधारण १ मिलिमीटर वाढते. काल मी पट्टी घेऊन बसलो. मनगटावरच्या टाक्यांपासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत १७ सेंटीमीटर. म्हणजे सहा महिने तरी हवेत. २१ दिवसांत जेमतेम २ सेंटीमीटर, पावडर प्या नाहीतर ताक. आणि तोवर सांधे आखडू नयेत म्हणूनच तर फिजिओ! व्यायाम सोडला, तर नस पोचेल आणि बोट वळणारच नाही. मेसेज लिहिणाऱ्याचं काय जातं?

टाक्यांच्या पुढं बोटानं टिचकी मारली, की जिथवर नस आलीय तिथं मुंग्या येतात. दोन महिन्यांपूर्वी त्या मनगटापाशीच येत. काल तळहाताच्या मध्यावर मारली, तर मामांनी हात झटकन मागं घेतला. तिथं मी पेनानं टिंब काढून ठेवलंय.