रुपया वाचवायचा, पण कुणाच्या हप्त्यातून?

रुपया घसरायला लागला की आमच्या विट्याच्या कट्ट्यावर तट पडतात. किरण बँकेत, म्हणून तो रिझर्व्ह बँकेच्या बाजूचा. संपतची द्राक्षबाग, त्याच्या मते रुपया जेवढा पडेल तेवढा बरा. आणि तानाजी गलाईवाला. आमच्याकडची गावंच्या गावं जुनं सोनं गाळायला देशभर पांगलीत, हा तामिळनाडूत असतो, जत्रेला आलेला. त्याला डॉलरपेक्षा सोन्यावरची ड्यूटी जास्त कळते.

"व्याज वाढवायचं, बास," किरणनं निकाल देऊन टाकला. "रुपयात पैसा उचलून डॉलर घेऊन बसलेत त्यांना रोजचं व्याज परवडंना झालं, की झक मारत विकत्यात."

"2013 ला हेच केलं की. थांबला का?" मी म्हटलं, आणि तिथून पुढं चहा गार होईस्तोवर दुसरा विषय निघाला नाही.

मे 2013 मध्ये फेडचे, म्हणजे अमेरिकेच्या मध्यवर्ती बँकेचे, अध्यक्ष बर्नान्की एवढंच म्हणाले होते, की बाजारात स्वस्त डॉलर सोडणारी, दरमहा चाललेली रोखेखरेदी पुढं कमी करता येईल. तेवढ्यावर भारतात आलेला परदेशी पैसा परतीच्या वाटेला लागला. आपण आधीच अडचणीत होतो. 2012-13 ची चालू खात्यावरची तूट 88 अब्ज डॉलर, म्हणजे जीडीपीच्या 4.8 टक्के. निर्यातीचे, सॉफ्टवेअरचे, आखातातून घरी येणारे असे सगळे डॉलर धरूनही एवढे कमी पडत होते, आणि ती खोट भरत होता तोच परदेशी पैसा.

15 जुलैला रिझर्व्ह बँकेनं किरणवालं औषध दिलं. रेपो, म्हणजे रिझर्व्ह बँक ज्या दरानं बँकांना एरवी कर्ज देते तो दर, 7.25 वरच ठेवला, पण बँकांना अडीनडीला रात्रीपुरता पैसा ज्या खिडकीतून मिळतो, त्या एमएसएफचा दर 10.25 टक्के केला. आठवड्याभरात रेपोनं किती उचलायचं त्यालाही कात्री लावली. तेव्हा डॉलर साठाच्या आसपास होता. 28 ऑगस्टला तो 68 च्याही पुढं गेला.

"व्याज नसतं वाढवलं तर 75 झाला असता," किरण म्हणाला.

"हे तुला कुणी सांगितलं, मर्दा?" संपत.

मला विचाराल तर त्यात एक उलटी चाल होती. व्याज वाढलं की जुन्या रोख्यांची किंमत पडते. ज्या परदेशी फंडांनी आपले रोखे घेतले होते त्यांचं रुपयातही नुकसान आणि डॉलरमध्येही. कंपन्यांचं कर्ज महागलं म्हणून शेअरवालेही बिथरले. सट्टेबाजाला चाप लावायला गेलो आणि थांबू पाहणाराच निघून गेला. पैशाला दार सताड उघडं ठेवायचं, व्याज आपल्या गरजेप्रमाणं ठरवायचं आणि रुपयाही हलू द्यायचा नाही, या तीन गोष्टी एका वेळी जमत नाहीत. दोन घ्या, तिसरी सोडा. किरणला हे मान्य आहे, फक्त कुठली सोडायची यावर त्याचं उत्तर दर वेळी वेगळं असतं.

संपत म्हणाला, "पडू द्यायचा की मग. माझा कंटेनर युरोपला जातोय."

"कंटेनर एक्स्पोर्टरचा जातोय, तुझा न्हवं," तानाजीनं त्याला तिथंच धरलं. "तुला बांधावर किलोला रुपयातच मिळत्यात. झिरो झिरो पन्नास, पोटॅशचं खत, कितीला घेतलंस यंदा?"

संपत गप्प. पोटॅश आपल्याकडं खाणीतून निघत नाही, जवळपास सगळं बाहेरून येतं. डिझेलचंही तेच, तेल डॉलरमध्ये. रुपया पडला की खर्च लगेच वाढतो आणि दर वाढायचा तेव्हा वाढतो. 2013 च्या ऑगस्टात तीन सरकारी तेल कंपन्यांनाच रोज 40 कोटींहून जास्त डॉलर लागत होते. शेवटी रिझर्व्ह बँकेनं त्या तिघींना बाजारातून काढून थेट स्वतःकडून डॉलर द्यायला सुरुवात केली. मला वाटतं त्या एका गोष्टीनं बाजार जितका शांत झाला तितका सव्वादहा टक्क्यांनी झाला नाही.

"आणि सोनं?" तानाजी वाटच बघत होता. तेलाखालोखाल आयात त्याचीच, 2012-13 मध्ये 50 अब्ज डॉलरच्या वर. सरकारनं 2013 मध्ये ड्यूटी 4 वरून 6, मग 8, मग 10 टक्के केली. वर 80:20 चा नियम आणला: आणलेल्या मालातलं वीस टक्के निर्यातीसाठी बाजूला ठेवा. कागदावर आयात धाडकन खाली आली. 2013-14 ची तूट जीडीपीच्या 1.7 टक्क्यांवर उतरली, त्यात सोन्याचा वाटा मोठा.

"कागदावर," तानाजी म्हणाला. "चोरीचं बिस्कीट किती वाढलं ते आमास्नी विचारा." एवढं बोलून तो थांबला, आम्हीही खोलात गेलो नाही. 2014 च्या नोव्हेंबरात 80:20 गेलं, ड्यूटी मात्र वाढत 15 टक्क्यांपर्यंत गेली आणि जुलै 2024 मध्ये एकदम 6 वर आणली.

रुपया खरा सावरला सप्टेंबरात. 4 तारखेला रघुराम राजन गव्हर्नर झाले आणि बँकांना म्हणाले, परदेशातल्या भारतीयांच्या डॉलर ठेवी आणा, निदान तीन वर्षांच्या. ते डॉलर आमच्याकडं ठेवा, बदल्यात रुपये घ्या, मुदत संपली की डॉलर परत न्या; या अदलाबदलीचा खर्च वर्षाला साडेतीन टक्केच लावू. बाजारात तोच खर्च सहा-सात टक्के पडत होता. नोव्हेंबरअखेर त्या योजनेतून आणि बँकांच्या परदेशी कर्जांतून मिळून 34 अब्ज डॉलर आले. मधेच फेडनंही रोखेखरेदी कमी करणं पुढं ढकललं, तेही कामी आलं.

20 सप्टेंबरला राजननी जे केलं ते मला सगळ्यात शहाणपणाचं वाटतं. एकाच दिवशी रेपो 7.5 वर चढवला आणि एमएसएफ 9.5 वर उतरवला. रुपयासाठी चढवलेलं व्याज खाली, महागाईसाठीचं वर.

"म्हंजे व्याज वाढवलंच की!" किरण उसळला. "जानेवारीत 8 झालं, वर्षभर तिथंच होतं."

वाढवलंच. पण महागाई दहा टक्क्यांच्या आसपास होती म्हणून. डॉलर किती झाला ते बघून नव्हे.

"त्यो साडेतीन आणि साताच्या मधला फरक कुणी भरला?" तानाजीनं विचारलं. गाळणाऱ्याला घट कुठं गेली ते विचारायची सवयच असते.

"रिझर्व्ह बँकेनं," मी म्हटलं.

"म्हंजे सरकारला जाणाऱ्या लाभांशातनं, म्हंजे आपल्याच खिशातनं," किरण. "वर परदेशी बँकांनी त्या परदेशातल्या भारतीयांनाच कर्ज देऊन ठेवी मोठ्या केल्या. फुकटात कमावलं त्यांनी."

तेही खरं. तरी मला ते स्वस्त वाटतं. त्याचा हिशेब एका जागी होता, तीन वर्षांत संपणार होता. जुलैतल्या व्याजाचा भार ट्रकच्या हप्त्यावर, यंत्रमागाच्या कॅश क्रेडिटवर, कुठं कुठं पसरला ते कुणी मोजायलाही गेलं नाही.

"आणि 2016 ला ते डॉलर परत द्यायचे होते, तेव्हा?" किरणनं विचारलं.

सप्टेंबर ते नोव्हेंबरात दिले. रिझर्व्ह बँकेनं आधीच वायदे, म्हणजे पुढच्या तारखेला डॉलर घ्यायचे करार, करून डॉलरची सोय लावली होती, रुपया कोसळला नाही. किरण म्हणतो ते नशीब, तेल स्वस्त होतं म्हणून निभावलं. तेल स्वस्त होतं, हे मात्र त्याचं खरं आहे.