पिंग येतोय, मग काउंटरवर रांग का?

नेटवर्कवाल्यांच्या ग्रुपांवर सध्या एक मेसेज फिरतोय. त्याचं सार असं: "शाखेची लाईन बघायला मॉनिटरिंगची थेरं लागत नाहीत. पिंग येतोय म्हणजे लाईन ठीक. शंका आली तर स्पीड टेस्ट करा. ग्राफ ३० टक्क्यांवर आहे म्हणजे लाईन रिकामी. मध्ये लॉस दिसला तर प्रोव्हायडरला धरा. फ्लो गोळा करणं म्हणजे स्टाफवर पाळत. आणि सॉफ्टवेअर लाखांच्या घरात जातं." खाली हात जोडलेले तीन इमोजी.

मी एका सहकारी बँकेच्या वीसेक शाखांच्या लाईनी सांभाळतो. हा मेसेज मला चौघांनी पाठवला. त्यातले एक आमचे अकाउंट्सचे साहेब, आणि माझी खर्चाची फाइल त्यांच्याच टेबलावर आहे. म्हणून उत्तर लिहिणं भाग पडलं.

पिंगपासूनच सुरुवात करू, कारण बाकी सगळं त्याच समजुतीवर उभं आहे. माइक म्यूस यांनी डिसेंबर १९८३मध्ये हा छोटासा प्रोग्रॅम लिहिला तो पलीकडचं यंत्र उत्तर देतंय का, एवढंच बघायला. लाईनवर काम होतंय का, हा प्रश्न त्याला कुणी विचारलेलाच नाही. विंडोजवर नुसतं पिंग मारलं की चार पॅकेटं (डेटाचे छोटे गठ्ठे) जातात, प्रत्येकात ३२ बाइट. आता समजा लाईनवर २ टक्के लॉस आहे, म्हणजे शंभरातली दोन पॅकेटं वाटेत हरवतात. चारही पॅकेटं धडपणे परत येण्याची शक्यता तरीही ९२ टक्के. म्हणजे आजारी लाईनवर तुम्ही बारा वेळा पिंग मारलंत तर साधारण अकरा वेळा "लॉस शून्य" असंच वाचाल आणि फोन ठेवून द्याल.

२ टक्क्यांनी काय होतं, असं कुणी म्हणेल. मॅथिस आणि सहकाऱ्यांनी १९९७ साली मांडलेलं टीसीपीचं (इंटरनेटवर डेटा बिनचूक पोचवणाऱ्या नियमावलीचं) एक सूत्र आहे. टीसीपीच्या जुन्या 'रेनो' पद्धतीसाठीचं आहे, पण अंदाजाला पुरतं. पॅकेट जाऊन यायला ४० मिलिसेकंद लागत असतील आणि २ टक्के लॉस असेल, तर एका कनेक्शनला अडीच एमबीपीएसच्या आसपासच वेग मिळतो. लाईन ५०ची घेतलेली असो की ५००ची.

लॉस अजिबात नसतानाही पिंग कसा फसवतो, तेही सांगतो. एका शाखेतून कॅशियर मॅडमचा फोन आला, "साहेब, लॉगिन होतंय, पण स्टेटमेंट काढलं की स्क्रीन गोल गोल फिरत राहते." पिंग १२ मिलिसेकंद, एकही ड्रॉप नाही. प्रोव्हायडरने तिकीट बंदही करून टाकलं. मग मॅडमना फोनवर एकेक अक्षर सांगत पिंगला "तुकडे करू नकोस" हा पर्याय लावायला लावला आणि साइज दिली १४७२ बाइट. चारही वेळा टाइम आउट. आकडा कमी करत गेलो. १३७२ला उत्तर आलं, १३७३ला परत सामसूम. आधल्या आठवड्यात त्या लाईनवर नवा टनेल (डेटा सेंटरपर्यंतची बंदिस्त वाट) टाकला होता. टनेल प्रत्येक पॅकेटला स्वतःचे हेडर, म्हणजे पत्त्याची चिठ्ठी, लावतो, त्यामुळे आत जागा कमी उरते. पॅकेट मोठं असेल तर राउटर पाठवणाऱ्याला तसं उलट कळवतो, आणि ते कळवणं आयसीएमपीमधूनच होतं (नेटवर्कमधले निरोप पोचवायची पद्धत, पिंगही तिच्यातलाच). आमच्याच कुणीतरी सुरक्षेच्या नावाखाली फायरवॉलवर आयसीएमपीचे निरोप अडवले होते, फक्त पिंग तेवढा सोडला होता. लॉगिनची छोटी पॅकेटं सुटत होती, स्टेटमेंटची मोठी वाटेत गडप. राउटरवर टीसीपीची एमएसएस (एका पॅकेटातल्या डेटाची कमाल मर्यादा) १३६० बाइट केली आणि मॅडमची स्क्रीन फिरायची थांबली. साधा पिंग अख्खा दिवस हिरवा होता.

स्पीड टेस्टचं तर विचारूच नका. ती आपोआप जवळचा सर्व्हर निवडते, आणि तो कित्येकदा प्रोव्हायडरच्याच नेटवर्कात बसलेला असतो. आमच्या शाखेचं काम टनेलमधून डेटा सेंटरला जातं, त्या रस्त्यावर स्पीड टेस्ट फिरकतही नाही. शिवाय खरी गोम वेगात नसते, ताटकळण्यात असते. लाईन भरली की राउटरचे बफर पॅकेटं टाकून न देता साठवत बसतात. जिम गेटिस यांनी २०१०च्या सुमारास या दुखण्याला "बफरब्लोट" हे नाव रूढ केलं. एका शाखेत पिंगचे हेच १२ मिलिसेकंद सीसीटीव्हीचं फुटेज वर चढत असताना ६०० झालेले मी मोजलेत. एकही पॅकेट हरवलेलं नव्हतं.

आता ग्राफ. आजचे बहुतेक ट्रॅफिक ग्राफ एमआरटीजी या ग्राफ काढणाऱ्या प्रोग्रॅमच्या घराण्यातले. टोबियास ओटिकर यांनी १९९५मध्ये लेस्टरच्या डी माँटफोर्ट विद्यापीठात असताना तो लिहिला. अख्ख्या विद्यापीठाला ६४ केबीपीएसची एक लाईन होती आणि ती किती भरते ते बघायचं होतं. राउटरचा काउंटर विजेच्या मीटरसारखा पुढे पुढे सरकत असतो. दर पाच मिनिटांनी आकडा वाचायचा, आधीचा वजा करायचा, वेळेने भागायचं. म्हणजे हाती येते ती पाच मिनिटांची सरासरी. लाईन एक मिनिट ठासून १०० टक्के भरली आणि उरलेली चार मिनिटं १० टक्क्यांवर राहिली, तर ग्राफवर दिसतात २८ टक्के. मेसेजवाल्याची "रिकामी" लाईन ती हीच. काउंटरवरची रांग त्या एका मिनिटातली असते.

त्यात आणखी दोन खड्डे. काउंटर ३२ बिटांचा असेल तर १०० एमबीपीएसची भरलेली लाईन त्याला सहा मिनिटांच्या आत पूर्ण फिरवून परत शून्यावर आणते, आणि १ जीबीपीएसची ३४ सेकंदांत. मग १ जीबीपीएसच्या लाईनवर पाच मिनिटांनी वाचलेला आकडा थापच मारणार. ६४ बिटांचे काउंटर वाचा, बहुतेक उपकरणांत ते असतात. दुसरं म्हणजे जुना डेटा जागा वाचवायला आणखी सरासरी करून ठेवला जातो. महिन्याच्या ग्राफवर शिखरं उरतच नाहीत. कमाल आकडा वेगळा साठवायला सांगितला नसेल तर १ तारखेची गर्दी ३० तारखेला टेकाडाएवढीही दिसत नाही.

मधल्या हॉपवरच्या (वाटेतल्या राउटरवरच्या) लॉसबद्दल प्रोव्हायडरची बाजू घ्यावी लागतेय, याचं मलाही नवल वाटतं. पण राउटर दुसऱ्यांची पॅकेटं पुढे ढकलायचं काम आधी करतो, तुमच्या ट्रेसरूटला (वाटेतले राउटर एकेक करून दाखवणाऱ्या प्रोग्रॅमला) उत्तर देणं त्याच्या लेखी बिनमहत्त्वाचं, आणि त्यावर मुद्दाम मर्यादाही घातलेली असते. चौथ्या हॉपवर ४० टक्के लॉस आणि शेवटच्या हॉपवर शून्य, याचा अर्थ चौथ्याने उत्तर द्यायचा कंटाळा केला, एवढाच. लॉस एखाद्या हॉपपासून सुरू होऊन थेट शेवटापर्यंत टिकला तर भांडायला जा.

पाळतीचा मुद्दा मात्र मी उडवून लावणार नाही. फ्लोच्या, म्हणजे राउटरमधून गेलेल्या प्रत्येक संवादाच्या, नोंदीत कुठून कुठे, कोणता पोर्ट, किती बाइट, किती वाजता, एवढंच असतं. चॅटमधला मजकूर नसतो. पण कोणत्या पीसीवरून दुपारी दोन वाजता कुठल्या पत्त्यावर तासभर काय चाललं होतं, याचा अंदाज त्यातून बांधता येतो. आम्ही शाखांना तसं लेखी कळवलं, नोंदी ३० दिवसच ठेवतो, आणि एका व्यक्तीचा रिपोर्ट मागणाऱ्या मॅनेजरला एचआरकडून पत्र आणायला सांगतो. अजून कुणी पत्र आणलेलं नाही.

लाखांचं म्हणाल तर झॅबिक्स, लिब्रेएनएमएस, स्मोकपिंग ही मॉनिटरिंगची सॉफ्टवेअरं सगळी फुकट. आमच्याकडे ती निकालात काढलेल्या एका डेस्कटॉपवर चालतात.

मग साहेबांच्या टेबलावरची फाइल कसली? ४ ऑक्टोबर २०२१ला फेसबुक सहाएक तास बंद होतं. तेव्हा त्यांच्या इंजिनिअरांना दुरून आत शिरायचे मार्गही बंद झाले आणि माणसं थेट डेटा सेंटरमध्ये पाठवावी लागली. आमचंही तसंच आहे. शाखेची लाईन पडली की शाखेतली मोजणीही मुख्य कार्यालयापर्यंत पोचत नाही, आणि लाल दिव्यावरून राउटर गेला, वीज गेली की फायबर तुटली, ते कळत नाही. म्हणून फाइलमध्ये सॉफ्टवेअरचा रुपयाही नाही. लाईन पडली तरी शाखेपर्यंत दुसरी वाट उरावी म्हणून वीस छोटे ४जी मोडेम आहेत, वीस सिमकार्डं आहेत, आणि त्यांचं महिन्याचं रिचार्ज.