खिडकीमागची सिस्टर

अमेरिकेत सेंट लुइस शहरातल्या एका हॉस्पिटलात रुजू झाले त्या पहिल्याच आठवड्यात माझ्या वॉर्डात घाटकोपरहून मुलाकडे आलेले एक आजोबा होते. त्यांनी सवयीने हाक मारली, "सिस्टर, जरा पाणी." पाणी देऊन वळले तर बरोबरची नर्स मला बाजूला घेऊन दबक्या आवाजात विचारते, "तू नन्सच्या कुठल्या संघातली? कधी बोलली नाहीस." तिला मी नन वाटले. आपल्याकडे नर्स म्हणजे सिस्टर, आया म्हणजे मावशी, वॉर्डबॉय म्हणजे मामा. अख्खं हॉस्पिटल नात्यात. इथल्या कॅथलिक हॉस्पिटलात सिस्टर म्हणजे फक्त नन, आणि त्या बहुतेक जिन्यातल्या फोटोंमध्ये उरल्यात.

१९६८ साली अमेरिकेतल्या ७९६ कॅथलिक हॉस्पिटलांपैकी ७७० हॉस्पिटलांचे प्रमुख नन किंवा धर्मगुरू होते. २०११ साली ६३६ पैकी ८. मधल्या काळात नन्सना प्रश्न पडला, की आपण गेल्यावर हे चालवणार कोण? चालवणारे भरपूर मिळतील, एमबीए रस्त्यावर पडलेत. पण ते हे हॉस्पिटल हॉटेलसारखं चालवणार नाहीत कशावरून? त्यातून इथे 'फॉर्मेशन' नावाचा मोठा व्याप उभा राहिला. मॅनेजरपासून संचालक मंडळापर्यंत सगळ्यांना दोन-दोन, तीन-तीन वर्षं बसवून संस्थेचा वसा द्यायचा. मराठीत याला 'घडण' म्हणता येईल. मला तो शब्द आवडतो. ट्रेनिंग दिलं जातं, माणूस घडतो.

वॉर्डची मॅनेजर झाल्यावर मलाही या घडणीला पाठवलं. दर तीन महिन्यांनी दोन दिवस, अशी दोन वर्षं. घरी गणपती बसवणारी मी, एक ज्यू हिशेबनीस, एक पाकिस्तानी डॉक्टर आणि बाकीचे निरनिराळ्या चर्चचे किंवा कुठल्याच चर्चचे नसलेले. नन्सचा इतिहास, चर्चची सामाजिक शिकवण, वैद्यकीय नीतीचे पेच, आणि बजेटवर चर्चा सुरू करण्याआधी दहा मिनिटं गप्प बसणं. ज्यांनी लहानपणी शिबिरं केलीत त्यांना वातावरण ओळखीचं वाटेल; फक्त कॉफी बरी होती आणि पहाटे उठवून पटांगणात पळवलं नाही.

त्यात एक गोष्ट ऐकली, ती मात्र मनात रुतली. १८७२ च्या नोव्हेंबरमध्ये जर्मनीहून पाच नन्स या शहरात आल्या. मदर ओडिलिया बर्गर त्यांच्या पुढारी. पाच जणींत मिळून पाच डॉलर. शहरात देवीची साथ होती. या घरोघरी जाऊन शुश्रूषा करायच्या. पुढे हॉस्पिटल झालं, खातेवही आली. जो रुग्ण पैसे देऊ शकत नसे त्याच्या नावापुढे तीन अक्षरं लिहीत: ओ. डी. एल. 'अवर डिअर लॉर्ड्स', म्हणजे 'आमच्या लाडक्या प्रभूचा'. बुडीत नाही, फुकट नाही, सवलत नाही. प्रभूचा माणूस, प्रभूच्या खात्यावर.

तेव्हाच मला मुंबईत आई कामाला होती त्या हॉस्पिटलातली कॅशची खिडकी आठवली. पण आधी तिकडच्या एका वादाचं सांगते.

२०२५ च्या एप्रिलमध्ये पुण्यातल्या एका धर्मादाय हॉस्पिटलने गरोदर बाईकडे १० लाखांची अनामत मागितल्याचा आरोप झाला. ती बाई दगावली होती, आणि आमचा शाळेचा व्हॉट्सॲप ग्रुप पेटला. मुंबईत रात्रीचे साडेदहा म्हणजे इथे दुपारचे बारा. डबा खाता खाता मी वाचत होते. एक म्हणाला, ट्रस्टच्या नावावर जमिनी आणि करमाफी लाटणाऱ्या सगळ्यांना कुलूप ठोका. दुसरी स्वतः एका ट्रस्ट हॉस्पिटलच्या अकाउंट्समध्ये आहे. ती म्हणाली, आमचे पगार तू भरतोस का? तिसऱ्याने विषय नन्सवर नेला: त्यांची हॉस्पिटलं बरी, पण सेवेआडून धर्मांतर.

कायदा या तिघांपेक्षा सरळ आहे. सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाचं ४१ अअ कलम आणि त्यावर मुंबई उच्च न्यायालयाने २००६ साली घालून दिलेली योजना: १० टक्के खाटा निर्धनांना मोफत, १० टक्के दुर्बल घटकांना सवलतीत, आणि एकूण बिलांच्या २ टक्के रक्कम निर्धन रुग्ण निधीत. निर्धन म्हणजे वर्षाला १ लाख ८० हजारांपर्यंत उत्पन्न, दुर्बल म्हणजे ३ लाख ६० हजारांपर्यंत. अशा रुग्णांकडून अनामत मागायची नाही, आणि तातडीच्या रुग्णाला आधी दाखल करून घ्यायचं, हेही त्यातच आहे. नन्सच्या ट्रस्टनाही हेच लागू. म्हणजे 'नियम करा' ही मागणी वीस वर्षं जुनी झाली. नियम आहे. वरळीला धर्मादाय आयुक्तांचं कार्यालय आहे. खाटा किती भरल्या ते तिथे मोजता येतं. पण तहसीलदाराचा दाखला गावी राहिलाय आणि पिवळं रेशनकार्ड सासूच्या नावावर आहे, अशी बाई रात्री दोनला पोराला कडेवर घेऊन खिडकीशी उभी राहते, तेव्हा खिडकीमागचा माणूस मान वर करून बघतो की नाही, हे कुठल्या तक्त्यात येत नाही.

माझी आई पश्चिम उपनगरातल्या नन्सच्या एका हॉस्पिटलात सत्तावीस वर्षं आया होती. तिथल्या ॲडमिनिस्ट्रेटर सिस्टर मंगळुरूच्या, मराठी मोडकं, आवाज खणखणीत. त्यांची एक रीत होती. कॅशवर नवा माणूस लागला की पहिला दिवस त्याने खिडकीमागे बसायचं नाही, खिडकीपुढच्या बाकावर बसायचं. सकाळी सातला ओपीडीचा नंबर घ्यायचा आणि हाक येईपर्यंत थांबायचं. आपण कोण ते कोणाला सांगायचं नाही. दुपारी सिस्टर विचारायच्या, "शेजारी कोण बसलेलं? काय झालंय त्याला? परत जायला गाडीभाडं आहे का?" उत्तर आलं नाही तर दुसऱ्या दिवशी परत बाक. आई सांगते, एका पोराला चार दिवस बसवलं होतं. तोच पुढे हेड कॅशियर झाला, आणि आयांच्या पोरांच्या फीसाठी उचल मागायची झाली तर सगळ्या त्याच्याकडे जायच्या.

कुठल्याही मॅनेजमेंटच्या पुस्तकात न बसणारी ही घडण. अर्थात सगळं गोड नव्हतं. सिस्टर पगारवाढीचं नाव काढू देत नसत, आणि 'सेवा' या शब्दाखाली आयांकडून डबल ड्युट्या करून घेतल्या जात. आईची कंबर त्यातच गेली. हे मी विसरलेले नाही. नन्सच्या जमान्याची आठवण काढून गहिवरणाऱ्यांनीही विसरू नये.

आता तिथे टोकनचं मशीन आहे. आई गुडघे दाखवायला जाते आणि फोनवर सांगते, "अगं, सिस्टर एकच दिसली, तीपण चॅपलकडे जाताना. खाली सगळे टायवाले." मुंबईतल्या नन्सच्या संघांतही पूर्वीसारख्या मुली येत नाहीत. वसई, मंगळुरू, केरळ इथल्या कॅथलिक घरांत आता एकच मुलगी असते, आणि ती नर्सिंग शिकून आखातात किंवा आयर्लंडला जाते. (मी कोणत्या तोंडाने बोलतेय, ठाऊक आहे.) अमेरिकेला जे वळण घ्यायला चाळीस वर्षं लागली ते मुंबईला फार तर पंधरा वर्षांत घ्यावं लागेल. तेव्हा अमेरिकेची नक्कल करण्याआधी तिची ठेच बघून घ्यावी.

ठेच अशी. प्रॉव्हिडन्स ही अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरची हॉस्पिटलांची मोठी कॅथलिक साखळी. १८५६ साली मदर जोसेफ आणि चार नन्सनी तिकडे पाया घातला. २०२२ मध्ये वॉशिंग्टन राज्याच्या ॲटर्नी जनरलने तिच्यावर दावा लावला: ज्यांना मोफत किंवा सवलतीत उपचार मिळायला हवे होते त्यांच्याकडूनच वसुली केली म्हणून. २०२४ मध्ये जवळपास १५ कोटी ८० लाख डॉलरची कर्जमाफी आणि परतफेड मान्य करून प्रकरण मिटलं. बातम्यांत आलं होतं की खिडकीवरच्या लोकांना पढवलं जायचं, 'भरता येतील का' असं विचारू नका, 'कसे भरणार' असं विचारा.

ही बातमी आमच्या वर्गात चर्चेला घेतली, हे सांगितलं पाहिजे, झाकली नाही. सगळे खाली बघत होते. मला वाटलं, यात न घडलेला माणूस कुठे आहे? खिडकीवरच्या मुलीला घडवलंच होतं की, फक्त वसुलीवाल्यांनी. काही साखळ्या वरच्या साहेबांना संतांच्या गावी, इटलीतल्या असिसीला घेऊन जातात. आमच्या हॉस्पिटलात रजिस्ट्रेशनच्या मुलीला चाळीस मिनिटांचा व्हिडिओ असतो, शेवटी पाच प्रश्न, चार बरोबर आले की झालं. माझा झगडा इथेच आहे. घडण वरून खाली झिरपेल असं धरून चालतात. पाणी झिरपतं; कनवाळूपणा तिसऱ्या मजल्यावरून तळमजल्याला झिरपलेला मी पाहिला नाही.

धर्मांतरवाल्या मित्रासाठी एवढंच: दोन वर्षांत मला बाप्तिस्म्याचं कोणी विचारलं नाही. उलट सुरुवातीचं चिंतन एकदा माझ्याकडे आलं, तेव्हा मी गाडगेबाबांवर बोलले. अंगावर चिंध्या, हातात झाडू, आणि दादरला त्यांच्या नावाची धर्मशाळा, जिथे टाटामध्ये कॅन्सरच्या उपचारांना आलेली माणसं महिनोन् महिने राहतात. ज्यू हिशेबनीसाने विचारलं, "झाडूच का?" नीट उत्तर देता आलं नाही.

जिथे पटलं नाही तिथेही बोलले. इथले बिशप जे नैतिक निर्देश काढतात त्यांत नसबंदी बसत नाही. तिसऱ्या सिझेरियनच्या वेळीच ऑपरेशन करून घ्या, असं मुंबईत आम्ही बायकांना समजावायचो. इथे तीच बाई त्यासाठी पुन्हा दुसऱ्या हॉस्पिटलात जाते. माझं ऐकून घेतलं. नियम तसाच आहे. मुंबईत फॉर्मेशन सुरू करणाऱ्यांना हा वाद टाळता येणार नाही, कारण तिथले बहुतेक डॉक्टर आणि नर्सेस कॅथलिक नसतात.

आणि यासाठी धर्मसंस्थाच लागते असंही नाही. परळचं केईएम महापालिकेचं. १९७३ च्या नोव्हेंबरात तिथल्याच अरुणा शानबाग या नर्सवर हल्ला झाला, ती कायमची अंथरुणाला खिळली, आणि २०१५ च्या मे महिन्यात ती जाईपर्यंत तिथल्या नर्सेसनी तिला सांभाळलं. पहिल्या फळीतल्या निवृत्त झाल्या, मग दुसरीतल्या. ज्यांनी तिला कधी चालताना पाहिलं नव्हतं अशा मुली तिला भरवत होत्या. २०११ साली तिच्या दयामरणाच्या अर्जावर सर्वोच्च न्यायालयाने तिच्या बाजूने बोलण्याचा हक्क या कर्मचाऱ्यांचा मानला. एका पिढीने दुसरीच्या हातात ती वाटी कशी दिली, याचा अभ्यासक्रम कोणी छापलेला नाही. पण कोणीतरी नव्या मुलीचा हात धरून तिला त्या खोलीत नेलं असणार, हे नक्की.

कोर्स संपताना प्रत्येकाने एक सूचना द्यायची होती. मी बाक दिला: रजिस्ट्रेशन आणि बिलिंगला लागणाऱ्या प्रत्येकाने पहिला दिवस इमर्जन्सीच्या वेटिंग रूममध्ये बसायचं, नाव न सांगता. सगळ्यांना फार आवडलं. एकीचे डोळे भरून आले. नंतर एचआरचा मेल आला, की संकल्पना उत्तम आहे, पण ते आठ तास कामाचे धरायचे का, आणि धरायचे तर कुठल्या खात्यात टाकायचे?

आईला फोनवर वाचून दाखवलं. ती बराच वेळ हसत होती. मग म्हणाली, "आमच्या सिस्टर त्या दिवसाचा पगार द्यायच्या हो. जेवण मात्र ज्याचं त्याने आणायचं."