जुन्या रीलचा ड्रॅग: ‘वरून स्प्रे मारा’ या सल्ल्याला उत्तर

ड्रॅग म्हणजे रीलचा ब्रेक: मासा ओढतो तेव्हा तो लाईन आवरत थोडी थोडी सोडतो, आणि नॉब फिरवून तो कमी-जास्त करतात. गळवाल्यांच्या मोबाईलवर एक सल्ला फिरतोय: “जुन्या रीलचा ड्रॅग झटके देतोय? उघडू नका. वरून डब्ल्यूडी-४० मारा किंवा बेअरिंगचं ग्रीस भरा, आणि नॉब गच्च आवळून ठेवा.” उजनी धरणातला कटला मासा हातातून घालवायचा असेल तर बेत उत्तम आहे.

“डब्ल्यूडी-४० मारा.” १९५३ साली हा स्प्रे तयार झाला तो ओल हटवायला. त्यातलं पातळ द्रावण उडून जातं, पण आधी ड्रॅगच्या आतल्या फेल्टच्या (दाबलेल्या जाड कापडाच्या) चकत्यांमधलं जुनं ग्रीस सैल करून धुऊन काढतं. मागे राहतो तेलाचा पुसटसा थर, आणि त्याला आपल्याकडची काळ्या मातीची धूळ चिकटते. म्हणून दोन-चार फेऱ्या ड्रॅग छान चालतो आणि मग आधीपेक्षा जास्त अडकतो.

“उघडू नका.” खरी गफलत इथे आहे. ड्रॅगमध्ये धातूच्या आणि फेल्टच्या चकत्या एकमेकींवर घासतात. चिकटलेल्या चकत्या सुटायला जोर जास्त लागतो, फिरायला कमी. मासा पहिली धाव घेतो तेव्हा हा जादा जोर लाईनवर येतो आणि ती तिथेच तुटते. हे वरून मारलेल्या कशानेही जात नाही.

पुढे नॉब असलेल्या स्पिनिंग रीलचा नॉब काढा, स्पूल (लाईन गुंडाळलेली चकरी) उचला. स्पूलच्या तोंडाशी तारेची क्लिप असते. ती प्लॅस्टिकच्या पिशवीत धरून टाचणीने काढा, उडाली तर शोधत बसाल. चकत्या निघतील त्याच क्रमाने टूथपिकवर ओवा, फोटोही घ्या. कान असलेली धातूची चकती स्पूलबरोबर फिरते, ‘डी’ आकाराच्या भोकाची दांड्यावर स्थिर राहते, मध्ये फेल्ट. क्रम चुकून धातूवर धातू आला की ड्रॅग खरवडतो.

धातूच्या चकत्या रॉकेलने धुऊन कोरड्या करा. गंज किंवा ओरखडे असतील तर काचेवर १००० नंबरचा वॉटर पेपर ठेवून गोल गोल घासा. फेल्ट आणि चामडं मात्र रॉकेलमध्ये बुडवू नका. फेल्ट टिश्यूत दाबून जुनं ग्रीस काढा. कडक किंवा फाटलेलं असेल तर सरळ बदला.

“बेअरिंगचं ग्रीस चालतं.” बेअरिंगला घर्षण नकोच असतं, ड्रॅगला ते मोजून हवं असतं. शिवाय मे महिन्यात सोलापूरचा पारा ४२-४३ वर जातो, गाडीच्या डिकीत त्याहून वर. तेल सुटून फेल्टमध्ये जिरतं, वर चिकट राप उरतो. टेफ्लॉनवालं ड्रॅगचं ग्रीस घ्या: फेल्टच्या दोन्ही बाजूंना तांदळाच्या दाण्याएवढं चोळा, रात्रभर मुरू द्या, सकाळी वरचं पुसून टाका. कार्बनच्या चकत्या कोरड्याही चालतात. लावलंच तर नुसती चकाकी येण्याइतकं.

“नॉब आवळून ठेवा.” उलट. दाबून ठेवलेलं फेल्ट चपटं होतं. रील धुताना आत पाणी जाऊ नये म्हणून तेवढ्यापुरता आवळा, मग पूर्ण सैल सोडा.

शेवटी लाईन ताणकाट्याला (स्प्रिंगच्या वजनकाट्याला) बांधून ड्रॅग लावा, लाईनच्या ताकदीच्या पाव ते एक तृतीयांश: ६ किलोच्या लाईनला दीड ते २ किलो. काटा हळू ओढा. सुरुवातीला अडीच किलो दाखवून एकदम दीडवर उतरत असेल, तर चकत्या पुन्हा उघडा.