लॅम्पार्ड, वशिला आणि अर्ध्यावर सोडलेला हिशोब

इंग्लंडचा माजी फुटबॉलपटू आणि नंतर मॅनेजर, म्हणजे मुख्य प्रशिक्षक, झालेल्या फ्रँक लॅम्पार्डबद्दलची एक पोस्ट फुटबॉलवेड्यांच्या ग्रुपांमधून सारखी फिरत असते. शब्द दर वेळी थोडे बदलतात, आशय तोच. काका मॅनेजर आणि वडील त्यांचे सहायक, म्हणून वेस्ट हॅम या लंडनच्या क्लबमध्ये जागा मिळाली. गोल केले ते बहुतेक पेनल्टीवर. कोचिंगचा अनुभव नसताना निव्वळ नावावर चेल्सीसारख्या बड्या क्लबचं मॅनेजरपद मिळालं. त्यानं बिघडवलेला संघ त्याच्या जागी आलेल्या थॉमस टुखेलनं हातात घेतला आणि चार महिन्यांत युरोपचा विजेता करून दाखवला. पुढे एव्हर्टन हा क्लबही लॅम्पार्डनं बुडवला. सारांश काय, तर हा माणूस जन्मभर वशिल्यावर जगला.

यातलं काही खरं आहे, काही अर्धं खरं आहे आणि काही सरळ खोटं आहे. तिन्हींची सरमिसळ केली की वाचणाऱ्याला सगळंच पटतं, म्हणून एकेक मुद्दा सुटा करून बघू.

नात्यापासून सुरुवात करू, कारण ते खरं आहे. लॅम्पार्डची आई पॅट आणि हॅरी रेडनॅप यांची पत्नी सँड्रा या जुळ्या बहिणी. म्हणजे मॅनेजर रेडनॅप हे त्याच्या मावशीचे यजमान. वडील फ्रँक सीनियर स्वतः वेस्ट हॅमचे नावाजलेले बचावपटू. 1975 आणि 1980 असे दोन एफए कप (इंग्लंडची बाद फेरीची स्पर्धा) त्यांनी क्लबबरोबर जिंकले आणि नंतर रेडनॅप यांचे सहायक झाले. घरातूनच दार उघडं होतं, हे कुणीही नाकारू नये.

पण हा आरोप आजचा नाही. 1996 मध्ये वेस्ट हॅमच्या चाहत्यांबरोबर झालेल्या एका सभेचं चित्रीकरण आजही बघायला मिळतं. एक चाहता उभा राहतो आणि रेडनॅप यांना तोंडावर सांगतो की हा मुलगा अजून त्या तोडीचा नाही, त्याच्यापेक्षा चांगली पोरं तुम्ही जाऊ दिलीत. मुलगा तिथंच, रेडनॅप यांच्या शेजारी बसलेला आहे. विशीही गाठलेली नाही. तो मान खाली घालून ऐकतोय. भरल्या सभेत आपल्याच क्लबचा माणूस आपल्याबद्दल हे बोलतोय आणि उत्तर काकांना द्यावं लागतंय. रेडनॅप ठामपणे सांगतात की हा पोरगा अगदी वरपर्यंत जाणार. त्या क्षणी मात्र त्यांच्यावर विश्वास ठेवायला कुणाला काहीच कारण नव्हतं. नात्याचा फायदा मिळतो तसा हा काचही सोसावा लागतो. पोस्टमध्ये फायदा आहे, काच नाही.

वशिल्याचा माणूस ओळखायची खूण आपल्या सगळ्यांना माहीत आहे. पाठीराखा खुर्चीवरून उतरला की तो उघडा पडतो. 2001 च्या मे महिन्यात रेडनॅप वेस्ट हॅममधून गेले, वडीलही गेले. लॅम्पार्ड तेव्हा तेविशीत पाऊल टाकत होता. चेल्सीनं त्याला 1 कोटी 10 लाख पौंडांना घेतलं. तिथले मॅनेजर क्लॉडिओ रानिएरी, इटालियन, ना नात्याचे ना गोत्याचे. ऑक्टोबर 2001 पासून डिसेंबर 2005 पर्यंत लॅम्पार्ड प्रीमियर लीगचे, म्हणजे इंग्लंडच्या सर्वोच्च श्रेणीचे, सलग 164 सामने खेळला. मधे मालक बदलले, मॅनेजर बदलले, नवा मालक रोमन अब्रामोविचच्या पैशानं जगभरातले मिडफिल्डर, म्हणजे मधल्या फळीतले खेळाडू, आले, आणि तरी संघाच्या यादीतलं हे एक नाव हललं नाही. चार वर्षं कुठल्या मावशीच्या यजमानांनी त्याला खेळवलं?

30 एप्रिल 2005 चा बोल्टनमधला सामना ज्यांनी पाहिला असेल त्यांना वेगळं सांगायला नको. चेल्सीनं त्याआधी लीग जिंकली होती ती 1955 मध्ये. पन्नास वर्षांचा दुष्काळ त्या संध्याकाळी संपला, 2-0. दोन्ही गोल लॅम्पार्डचे. दुसरा तर डोळ्यांसमोरून जात नाही: प्रतिहल्ल्यात चेंडू घेऊन तो पुढे सुटला, गोलकीपरला वळसा घातला आणि रिकाम्या जाळ्यात चेंडू सारला. मधल्या फळीतला माणूस सामन्याच्या शेवटच्या टप्प्यात, इतरांचे पाय जड झालेले असताना, तिथं पोहोचतो ही त्याची खरी ओळख. त्याच वर्षीच्या बॅलन डी'ओर या मानाच्या पुरस्काराच्या मतदानात तो रोनाल्डिन्होच्या पाठोपाठ दुसरा आला.

आता पेनल्टीचं. प्रीमियर लीगमध्ये त्याचे 177 गोल आहेत. त्यातले 43 पेनल्टीवरचे. उरले 134, एकूण गोलांच्या तीन चतुर्थांश. त्यातही 41 गोल पेनल्टी बॉक्सच्या (गोलसमोरच्या आखलेल्या चौकोनाच्या) बाहेरून मारलेले, आणि या लीगमध्ये तेवढे दुसऱ्या कुणाच्या नावावर नाहीत. 'बहुतेक पेनल्टी' हे विधान इथंच निकालात निघतं.

आणि पेनल्टी म्हणजे फुकटचा गोल, ही समजूतही सोडून द्यावी. 24 एप्रिल 2008 ला त्याची आई गेली. 30 एप्रिलला युरोपातल्या अव्वल क्लबांच्या चॅम्पियन्स लीगची उपांत्य फेरी होती, समोर लिव्हरपूल, सामना जादा वेळेत गेलेला. पेनल्टी मिळाली आणि लॅम्पार्डनं चेंडू हातात घेतला. त्यानं ती मारली, गोल केला आणि कोपऱ्याकडे जाऊन गुडघ्यांवर बसला. चेल्सी पहिल्यांदाच अंतिम फेरीत पोहोचलं. त्या किकला फुकटची म्हणणाऱ्याशी मी वाद घालणार नाही.

कोचिंगकडे येताना पोस्टला थोडं द्यावं लागेल. डर्बी काउंटीत एक हंगाम, दुसऱ्या श्रेणीत सहावा क्रमांक, वेम्बलीवर वरच्या श्रेणीत जाण्यासाठीच्या प्ले-ऑफच्या अंतिम सामन्यात ॲस्टन व्हिलाकडून 2-1 हार. एवढ्या शिदोरीवर दुसऱ्या कुणाला चेल्सी मिळालं नसतं. नावामुळे मिळालं, मान्य.

पण मिळालं ते काय, हेही बघा. 2019 चा उन्हाळा. फिफाची खेळाडू खरेदीवर बंदी. एडन हझार्ड रेआल माद्रिदला गेलेला. अशा वेळी तो आला आणि अकादमीतल्या पोरांना मैदानात उतरवलं: मेसन माउंट, टॅमी अब्राहम, रीस जेम्स, फिकायो टोमोरी. यातले माउंट आणि टोमोरी डर्बीत त्याच्याच हाताखाली खेळून आले होते. चेल्सीच्या अकादमीतली पोरं लोनवर, म्हणजे दुसऱ्या क्लबांना उसनी, जात आणि तिथूनच विकली जात, असा वर्षानुवर्षांचा शिरस्ता होता. तो त्या हंगामात मोडला. चेल्सी 66 गुणांसह चौथं आलं आणि एफए कपच्या अंतिम फेरीत पोहोचलं. संघानं लीगमध्ये 54 गोल खाल्ले, हा मोठा दोष होता आणि तो त्याला दुसऱ्या वर्षीही पुरता सुधारता आला नाही. जानेवारी 2021 मध्ये संघ नवव्या क्रमांकावर असताना त्याला काढलं.

टुखेलनं तीन बचावपटूंची रचना आणली, गोल खाणं थांबवलं आणि मे महिन्यात पोर्तोमध्ये चॅम्पियन्स लीग जिंकली. हे श्रेय पूर्णपणे टुखेलचं आहे. फक्त 'बिघडवलेला संघ' हे शब्द चुकीचे आहेत. अंतिम सामन्यातल्या एकमेव गोलाचा पास माउंटचा होता. गोल करणारा काय हावर्ट्झ लॅम्पार्डच्या काळात आला, गोलकीपर एदुआर मेंडी, थियागो सिल्वा आणि बेन चिलवेलही त्याच काळात आले. साखळी गटात त्याच्या हाताखाली संघ एकही सामना न हरता पहिला आला होता. बांधकामात दोष होता, पाया भक्कम होता.

एव्हर्टनचा मुद्दा मात्र सरळ खोटा आहे. 19 मे 2022 ला क्रिस्टल पॅलेसविरुद्ध मध्यंतराला 0-2 नं मागे असलेला संघ 3-2 नं जिंकला आणि लॅम्पार्डच्याच हाताखाली प्रीमियर लीगमध्ये टिकला. पुढच्या हंगामात एकोणिसाव्या क्रमांकावर असताना त्याला काढलं आणि ते योग्यच होतं. एव्हर्टन त्याही वर्षी खालच्या श्रेणीत गेलं नाही.

2023 च्या एप्रिलमध्ये चेल्सीनं त्याला हंगामी म्हणून परत बोलावलं. 11 सामने, 1 विजय, 8 पराभव. त्या पानिपताचं समर्थन कुणी करू नये, मीही करत नाही. त्यानं ते काम घ्यायलाच नको होतं.

माझा खरा आक्षेप असा की पोस्ट इथंच थांबते. नोव्हेंबर 2024 मध्ये लॅम्पार्ड कोव्हेंट्री सिटीत मॅनेजर म्हणून आला. क्लब दुसऱ्या श्रेणीत सतराव्या क्रमांकावर. आधीचे मॅनेजर मार्क रॉबिन्स यांनी हाच क्लब चौथ्या श्रेणीतून वर काढला होता, 2023 मध्ये प्ले-ऑफच्या अंतिम सामन्यापर्यंत नेला होता, आणि त्यांनाच काढल्यामुळे चाहते दुखावलेले. इथं लॅम्पार्डचे काका नव्हते, वडील नव्हते, जुन्या गोलांची पुण्याईही नव्हती. मे महिन्यापर्यंत संघ पाचवा आला. प्ले-ऑफच्या उपांत्य फेरीत संडरलंडनं जादा वेळेच्या अगदी शेवटी, 122 व्या मिनिटाला गोल करून त्यांना बाहेर काढलं.

असा पराभव संघाला वर्षभर मागे खेचू शकतो. कोव्हेंट्रीनं ऑगस्ट 2025 मध्ये क्वीन्स पार्क रेंजर्सला 7-1 हरवलं आणि नोव्हेंबरात तो संघ तक्त्यात सर्वांत वर होता. 2001 मध्ये प्रीमियर लीगबाहेर पडलेला हा क्लब. 'जन्मभर वशिल्यावर' असं लिहिणाऱ्यानं हा हंगाम कुठल्या नातेवाइकाच्या खात्यावर मांडायचा, ते एकदा सांगावं.